गोदाक्काला दिसलं पाहिजे

“उस्ताद, यंत्र म्हणतंय चित्र बिनचूक आहे. मग म्हातारीला दिसत का नाही?”

निरंजन मगदूमने हे विचारलं तेव्हा मॅच सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती आणि त्याला दरदरून घाम फुटला होता.

इब्राहिम उस्ताद गोदाक्काच्या दाराबाहेर चपला काढत होते. मिरजेत चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त करणारा माणूस. बोलणं थोडं, चहा फार.

“काय म्हणतंय यंत्र?”

“सगळं हिरवं दाखवतंय. काळा, पांढरा, रंग... सगळं.”

“मग यंत्राला दिसतंय म्हणायचं.”



सहा वर्षं निरंजन उस्तादांच्या हाताखाली राबला होता. मग पुण्याला पंधरा दिवसांचा कोर्स करून, पडद्याचे रंग मोजायचं यंत्र घेऊन आला, आणि आल्या आल्या पाया पडून म्हणाला, “उस्ताद, स्वतःचं दुकान टाकतोय. तुमचा होकार द्या.” तुमच्या होकाराशिवाय फळी उघडणार नाही, हेही तोच म्हणाला होता.

उस्ताद म्हणाले होते, “आधी गोदाक्काचा टीव्ही लाव. तिच्या तोंडून ‘दिसलं’ असं येऊ दे.”

बस्स, एवढंच! निरंजनला हसूच आलं होतं. दुपारी येऊन, दारं-खिडक्या गच्च लावून तो तासभर खपला. जाताना कॉलर ताठ होती.

आता ती घामाने मऊ पडली होती.

गोदाक्का भिंतीला टेकून चटईवर बसली होती. आईमागं तिनेच वाढवलेली नात, शिवलीला, राज्याच्या कबड्डी संघातून अंतिम सामना खेळत होती. गुडघ्यांमुळे आक्काला कधी मैदानावर जाता आलं नव्हतं. पोरीला खेळताना तिने आजवर एकदाही पाहिलं नव्हतं. आज पाहायचं होतं.

“कुठं हाय रं माझी शिवू?”

“ती काय आक्का, डावीकडून तिसरी! निळं बनियन!”

“मला आपलं पांढरं दिसतंया सगळं. मांडव टाकल्यागत.”

दार पडद्याच्या बरोबर समोर, आणि सताड उघडं. मावळतीचा उजेड थेट काचेवर येत होता.

“आक्का, दार तेवढं ओढून घेऊ?”

“दिवेलागणीला दार लावतंय व्हय कुणी? लक्ष्मी काय कौलातनं उतरंल?”

“मॅच संपेपर्यंतच...”

“शिवू जिंकायची हाय आणि मी दार लावू?”

निरंजनने पुन्हा यंत्राकडे पाहिलं. अजून सगळं हिरवंच.

उस्ताद आत आले. टीव्हीकडे पाठ करून, गोदाक्काच्या समोर मांडी घालून बसले.

निरंजनच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. इथे एका एका मिनिटाचं मोल, आणि हे पाहुण्यासारखे येऊन बसले! निदान एकदा मान वर करून बघावं तरी...

“उस्ताद, तुम्ही बघणार आहात की नाही?”

उस्तादांनी आक्काशेजारची चटई थोपटली.

“बस.”

“मला वेळ नाही.”

“बस.”

तो बसला. मान वर केली.

पडदा होताच कुठे? वर, पार उंचावर, एक पांढरट चादर टांगलेली. तिच्यात काही सावल्या पळत होत्या. दुपारी तो उभा राहून काम करत होता. पडदा त्याच्या डोळ्यासमोर होता. आक्का कुठे बसते, हे त्याने विचारलंसुद्धा नव्हतं.

त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

“एवढा उंच कुणी लावला हा?” त्याने विचारलं.

“माझ्या भाच्यानं,” आक्का म्हणाली. “दारासमोर. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून.”

शिट्टी वाजली. मध्यंतर. पाच मिनिटं.

निरंजन उठला. भिंतीवरून टीव्ही उतरवला. धान्याची पत्र्याची पेटी बाजूच्या भिंतीला सरकवली आणि टीव्ही तिच्यावर ठेवला. आता दार उघडं राहिलं तरी उजेड काचेवर येत नव्हता, आणि पडदा बसल्या माणसाच्या डोळ्यासमोर आला. आक्का चटईसकट वळली. तिच्याबरोबर उस्तादही वळले. पाठ पुन्हा टीव्हीकडेच.

निरंजनने रिमोट घेतला.

“रंग काढून टाक,” उस्ताद म्हणाले.

“सगळा?”

“सगळा.”

चित्र काळंपांढरं झालं. पाणी पिणाऱ्या पोरी जवळून दाखवत होते.

“आक्का, पोरींच्या वेण्या दिसतात का?” निरंजनने विचारलं.

“केसंच दिसत्यात. नुसता काळा गोळा.”

त्याने चित्राचा उजेड वाढवला. पट्टीवर एक घर... दोन घरं...

“आता?”

“हां, पेड दिसाय लागलं.”

“आता रंग,” उस्ताद म्हणाले.

निरंजनने रंग यंत्राच्या खुणेपर्यंत आणला.

“निळं बनियन कुठलं, आक्का?”

“निळं न्हाईच. एक लाल हाय, एक काळं हाय.”

“डोळ्यांत मोतीबिंदू आहे तिच्या,” उस्ताद म्हणाले. “निळं तिला काळं दिसतं.”

निरंजनने निळा वाढवला. यंत्रावर लाल दिवा लागला.

“उस्ताद... मापाप्रमाणे हे चूक आहे.”

“ते यंत्र मॅच बघायला थांबणार आहे का?”

निरंजनने यंत्राची वायर उपटली. ते पेटीमागे ठेवून दिलं. मग तोही पडद्याकडे पाठ करून बसला. हात मागे, हातात रिमोट, नजर आक्काच्या तोंडावर. बटण दाबायचा, थांबायचा, बघायचा. आक्काच्या कपाळावर आठ्या होत्या. एक कमी झाली. मग दुसरी...

शिट्टी वाजली.

आक्का पुढे झुकली. तोंड उघडं राहिलं.

“अगं बाई... निळं! ती बघा! डाव्या अंगाला! दिसली! दिसली रं माझी शिवू!”

निरंजनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आजवर इतके टीव्ही लावले, पण असं कधी झालं नव्हतं.

त्यानंतर त्या खोलीत एकच गलका झाला. शेजारपाजारचे दारात गोळा झाले. सत्तावीस-सत्तावीस. शेवटची चढाई समोरच्या संघाची. चढाईवाली आत शिरली, पाय टाकला...

“घोटा धर!” आक्का ओरडली. “शिवू, घोटा!”

शिवलीलाने घोटा धरला. चढाईवालीवर बाकीच्या सहा जणी पडल्या. अठ्ठावीस-सत्तावीस!

गोदाक्का दुखऱ्या गुडघ्यांवर उभी राहिली आणि तिने शिट्टी मारली. ती शिट्टी स्टेशनपर्यंत गेली असं लोक अजून सांगतात. दारातली माणसं नाचत होती. निरंजनला कुणीतरी उचललं, कुणीतरी गुळाचा खडा त्याच्या तोंडात कोंबला.

तो धापा टाकत उस्तादांपुढे येऊन बसला. आनंद अंगात मावत नव्हता.

“उस्ताद, आता खरं सांगा. चित्र कसं आलंय?”

उस्ताद होते तिथेच होते. टीव्हीकडे पाठ, नजर नाचणाऱ्या आक्कावर.

“मी कुठं बघितलंय अजून?... तू दुकानाचा मुहूर्त कधीचा धरलायस ते सांग.”