वळणाआधीचे सात पट्टे

एकदा एक वृद्ध गुरुजी आणि त्यांचा शिष्य घाटात रस्ता बांधत होते. रस्ता असा गुळगुळीत झाला की भरला तांब्या गाडीत ठेवावा आणि थेंब सांडू नये! शिष्याची छाती फुगली, आणि का फुगू नये? तीन वर्षांचा घाम होता तो.

पण झाले भलतेच. गाडीवान दुपारची भाकर खाऊन निघत आणि त्या मऊ रस्त्यावर कासरा सैल सोडून खुशाल डुलक्या घेत. बैलांना वाट ठाऊक असते, हा त्यांचा पिढीजात भरवसा. बैलांना ठाऊक होती ती जुनी वाट. वळणावर ते सवयीने जुन्या पाणवठ्याकडे वळत, आणि तिथली वाट तर दरड कोसळून केव्हाच गेली होती. महिन्याभरात दोन गाड्या दरीत गेल्या.

गुरुजींनी वळणाच्या अलीकडे रस्त्यावर आडवे दगडी पट्टे बसवायला सांगितले, बोटभर उंच, चांगले सात. शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्यापेक्षा पाटी लावू, असे तो विनवू लागला. झोपलेल्याला पाटी कोण वाचून दाखवणार, असे विचारून गुरुजींनी त्याच्याच हाती पहार दिली. पट्टे बसले, आणि गाडीवानांनी दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

चौथ्या दिवशी भर दुपारी शिष्य घाटाच्या वरच्या टप्प्यावर काम करत होता. खाली एक गाडी दिसली. गाडीवानाची मान छातीवर पडलेली. तो बहिरू होता, शिष्याचा सख्खा धाकटा भाऊ. मागे त्याची बायको, मांडीवर तान्हे मूल. शिष्याने जिवाच्या आकांताने हाक मारली, पण वारा उलटा होता. तो धावत सुटला.

तेवढ्यात चाक पट्ट्यावर चढले. खड्, खड्, खड्! बहिरू दचकून उठला, त्याने सणसणीत शिवी हासडली, आणि समोर कडा दिसताच कासरा खेचला. बैल थबकले आणि मुकाट नव्या वाटेला लागले.

शिष्याने भावाला कडकडून मिठी मारली आणि तसाच जाऊन गुरुजींच्या पायांवर डोके ठेवले.

गुरुजी म्हणाले, "बाळा, तू आधी बांधलास तो तुझ्या कौतुकाचा रस्ता होता. रस्ता माणसाला घरी पोचवण्यासाठी असतो. त्यासाठी त्याची झोप मोडावी लागली तर मोडावी, आणि शिव्या आनंदाने खाव्या."

त्यानंतर त्या वळणावरून एकही गाडी दरीत गेली नाही. गाडीवानांच्या शिव्या मात्र थांबल्या नाहीत. दुपारच्या वेळी घाटातून एखादी कचकचीत शिवी ऐकू आली की शिष्य हातातले काम थांबवून हसे आणि म्हणे, "चला, आणखी एक जण जागा झाला."