मास्तरांच्या नावाची घंटा

"घंटा वाजली होती का नव्हती, तेवढं सांग."

"वाजली होती, मास्तर."

"मग?"

"मी बंद केली," सौमित्र म्हणाला आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

गोसावी मास्तरांनी शाबासकी दिली नाही. उजवा गाल हाताने दाबून ते नुसते त्याच्याकडे बघत राहिले.

सांगलीतल्या त्या खोलीत पहारा चालायचा. दंडुका घेऊन दारात बसण्यातला नव्हे. ज्या रुग्णालयांना, दूध संघांना, शाळांना आपल्या कॉम्प्युटरांवर चोवीस तास नजर ठेवणं झेपत नाही, ती मंडळी ही जोखीम मास्तरांवर सोपवत. कुणी परका आत शिरला, कुणी नको तिथं हात घातला, की इथल्या पडद्यावर लाल ओळ उमटे. मास्तर तिला घंटा म्हणत, म्हणून सगळेच म्हणत. ती वाजली की आधी बघायचं आणि मग धावायचं, एवढंच इथलं शास्त्र.

सौमित्र खांबेटे हा मास्तरांचा लाडका चेला. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे विसरायची सवय त्याला नव्हती. त्याच्या नजरेतून घंटा कधी सुटली नव्हती. मास्तरांच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नव्हता. या दुसऱ्या गोष्टीचा त्याला जास्त अभिमान होता.

"का बंद केलीस?"

"तुमची होती म्हणून."

"माझी?"

"तुमचंच नाव होतं. सकाळी तुम्ही त्या धर्मादाय रुग्णालयाच्या दप्तरात शिरला होता, पेशंटांचे कागद बाहेर काढत होता. मला जरा नवल वाटलं. पण म्हटलं, मास्तरांचं काम मास्तर जाणे. आपण कोण विचारणार?"

मास्तरांनी गालावरचा हात काढला. गाल सुजला होता.

"सकाळी मी दाताच्या डॉक्टरकडं होतो. तोंड उघडं टाकून."

सुई दिलेल्या तोंडातून शब्द बोबडे येत होते. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

सौमित्रच्या पायाखालची जमीन सरकली. त्याने खरोखरच टेबलाची कड धरली. मास्तर दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत होते, तर आत कोण होतं? आणि दुपार झाली, तो गेला तरी का?

त्याने पडद्यावर पाहिलं.

गेला नव्हता. मास्तरांच्या नावाने आत ऐसपैस बसला होता. कागद नेणं त्याने आता थांबवलं होतं आणि कुलपं लावायची तयारी चालवली होती. या चोरांची रीतच तशी. न्यायचं ते नेतात, उरलेलं कुलूपबंद करतात आणि मग किल्लीची किंमत सांगतात. कुणाला कुठलं औषध चालत नाही, कुणाचं रक्त कुठल्या गटाचं, सगळं त्या एका दप्तरात होतं.

"मास्तर, तुम्ही हाकला त्याला. तुमचा अधिकार मोठा."

"माझ्या नावानं मी हललो की त्याला कळंल. तू कर. माझं नाव काप."

सौमित्रचा हात बटणांवर गेला आणि तिथंच थबकला. ही खोली मास्तरांनी उभी केली होती. इथलं पहिलं नाव त्यांचं. ते कापायचं म्हणजे मास्तरांना त्यांच्याच घरातून बाहेर काढायचं.

"काप."

"मास्तर..."

"तिथं माणूस ऑपरेशनच्या टेबलावर असंल, सौमित्र."

त्याने नाव कापलं. मास्तरांच्या टेबलावरचा पडदा काळा झाला. मग त्याने रुग्णालयाचं दप्तर बाकीच्या जगापासून तोडलं आणि फोन उचलून मेट्रनबाईंना लावला.

"सिस्टर, सांगलीहून खांबेटे बोलतोय. दप्तराचे कॉम्प्युटर आम्ही बाहेरच्या जगापासून तोडलेत. आत चोर शिरलाय. आता सगळं कागदावर चालवा."

"अहो, आत ऑपरेशन चालू आहे."

"त्या पेशंटचं रक्त पुन्हा तपासून घ्या. पडद्यावरचं काही मानू नका."

"तुम्ही खांबेटेच कशावरून?" मेट्रनबाई म्हणाल्या. "ठेवा फोन. तुमच्या ऑफिसचा नंबर आहे माझ्याकडे, मी उलट करते."

फोन बंद झाला. सौमित्र त्या रिसीव्हरकडे बघतच राहिला. एवढ्या घाईत ही बाई आपल्यालाच ओळख विचारते? रागाने त्याचे कान तापले.

मास्तरांचा अर्धा चेहरा हसला. उरलेला अर्धा बधिर होता.

टेबलावरचा फोन वाजला. मेट्रनबाईंनीच फोन केला होता. त्याने तेच सगळं पुन्हा सांगितलं आणि या वेळी त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं. थोड्या वेळाने त्यांचाच निरोप आला, की ऑपरेशन पार पडलं, पेशंट शुद्धीवर येतोय.

चोर बाहेर पडला होता. कुलपं लावायला त्याला सवड मिळाली नाही. पण एका अख्ख्या वॉर्डाचे कागद सकाळीच गेले होते, आणि ते आता परत यायचे नव्हते. कुणाचं दुखणं, कुणाचं बाळंतपण, नवऱ्यालाही न सांगितलेलं कुणाचं काही, सगळं परक्याच्या हाती पडलं होतं. लाल ओळ उमटली तेव्हा सौमित्रने मास्तरांना नुसता फोन केला असता, तर यातलं बहुतेक वाचलं असतं. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याला रडू येत होतं, आणि रडायची लाजही वाटत होती.

माणूस असा कोंडीत सापडला की दुसऱ्याची चूक शोधतो. सौमित्रनेही शोधली.

"पण मास्तर, त्याला तुमची किल्ली मिळाली कशी? नुसत्या पासवर्डावर कुणी आत येत नाही. तुमच्या मोबाईलवर आकडा येतो, तो लागतो."

"लागतो."

"तो तर तुमच्याशिवाय कुणालाच दिसत नाही."

"आज पहाटे मी तो एकाला सांगितला."

सौमित्रला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. ज्या माणसाने या खोलीतल्या प्रत्येकाला आकडा सांगायचा नाही हे घोकवून घेतलं, त्याने आकडा सांगितला?

"कुणाला सांगितलात?"

"तुला."

"मी कधी विचारला तुम्हाला?"

"नंबर नवा होता. म्हणालास, मोबाईल पडला, मित्राचा घेतलाय. मास्तर म्हणूनच हाक मारलीस. आवाज तुझा. बोलता बोलता मधेच घाई करायची खोडसुद्धा तुझीच."

आपला आवाज कुठं तरी, कुणाच्या तरी हातात, आपल्याशिवाय बोलत होता.

"मास्तर, दुसऱ्याचा आवाज काढणारी यंत्रं निघालीत, हे तुम्हीच शिकवलंत. याच खोलीत."

"शिकवलं."

"मग तुम्ही फोन ठेवून मला उलट का नाही लावलात?"

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं की सुईचा अंमल, हे सौमित्रला कळलं नाही.

"तू होतास म्हणून," ते म्हणाले.

सौमित्रचा सकाळपासूनचा सगळा तोरा एका दमात उतरला. तो पुढे झाला, मास्तरांसमोर गुडघ्यांवर बसला आणि माथा टेकवायला वाकला.

मास्तरांनी पाय झटकन मागे घेतले.

"आधी विचार, पाय कुणाचे आहेत."