एका रंगाची काटकसर

एका राज्यात एक राजा होता, आणि त्याला घासाघीस करण्याचं व्यसन होतं. कुणाला द्यूताचं असतं, कुणाला मद्याचं. या मणिकेतू राजाला भाव पाडण्याचं होतं. अत्तरवाला येवो की हत्ती विकणारा, महाराज मिशीवरून बोट फिरवत म्हणायचे, "निम्म्यात दे." खजिना तुडुंब, पण मन कवडीएवढं.

एकदा डोंगरापलीकडची एक जोगीण त्याच्या दरबारी आली. मंत्रविद्येत तिचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि कारागिरीतही नव्हता. तिनं नदीवर पूल बांधून दिला. पूर आला की तो पूल आपणच उंच होई. राजा त्यावरून चालून आला, वाहवा म्हणाला आणि ठरल्याच्या निम्मं मोल तिच्या पदरात टाकलं.

"पूल तो पूल," राजा म्हणाला. "दगडच तर आहेत."

जोगिणीनं पदर झटकला. "राजा, तुला वस्तूवस्तूतला फरक कळत नाही. तर ऐक. आजपासून तुझ्या राज्यात घडलेली प्रत्येक वस्तू ऐन वेळी दगा देईल. तुझ्या कारागिरांच्या हातांतलं इमान मी डबीत कोंडून पाताळविहिरीच्या तळाशी ठेवते. तुझ्या रक्ताचं एक माणूस आणि त्याच्याच बरोबरीनं एका छातीचं दूध प्यालेलं दुसरं, अशा दोघांनी मिळून हात लावला तरच ती उघडेल."

तसंच झालं. रवी लोणी वर येता येता मोडू लागली. नावा काठाला नव्हे, मध्यधारेत फुटू लागल्या. पाळण्याची कडी मूल गाढ निजल्यावरच निसटायची. त्या राज्यात घरोघरी आया रडत होत्या, आणि राजा प्रधानाला विचारत होता, "यावर काही स्वस्तातला उतारा मिळेल का?" सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते काही खोटं नाही.

राजाला एकच मुलगी होती, कांचनलेखा. तिला जन्म देऊन राणी वारली, तेव्हा राही दाईनं तिला छातीशी घेतलं. राहीची स्वतःची लेक शेवंती तेव्हा दुसऱ्या कुशीत होती. एक महालात वाढली, एक महालाच्या मागच्या पडवीत, पण दूध एकच. तेव्हा जायचं कुणी, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

निघताना राही दाई राजकन्येच्या गालांवरून हात फिरवून म्हणाली, "ताईसाहेब, शेवंतीला सांभाळा. मला ती एकच आहे."

"राहीआई, ती माझी बहीण आहे," राजकन्या म्हणाली. आणि ते तिनं अगदी मनापासून म्हटलं होतं.

वाटेत पहिलं काटवन लागलं. राज्यातल्या वहाणा तर ऐन वेळी दगा देणार, पण काटवनाच्या तोंडाशीच जोगिणीचं दुकान होतं. आत गल्ल्याशी एक साळुंकी बसली होती. तिला खोटं बोलता येत नसे.

"तुम्ही आम्हाला विकाल?" राजकन्येनं विचारलं.

"वैर राजाशी आहे, गिऱ्हाइकाशी नाही," जोगीण म्हणाली. "पण विकीन ते राजाच्या रक्तालाच. त्या रक्तानं खरेदी शिकायला हवी. दुसरीनं बाहेर थांबावं."

साळुंकीनं किमती सांगितल्या. उत्तम नगाला डोळ्यांतला एक रंग, साध्या नगाला डोक्यावरचा एक केस. दिसायला दोन्ही सारखे.

राजकन्येनं विचार केला. काटे बोचतील, पाय रक्तबंबाळ होतील, पण पाय बरे होतात. तिनं दोन केस उपटून दिले आणि साध्या वहाणांचे दोन जोड घेतले. काटवन संपता संपता तळ झिजून गेले. दोघी लंगडत, हसत पलीकडे निघाल्या. शेवंतीनं ओढ्यावर तिचे पाय धुतले, काटे काढले. खरेदी चोख झाली होती, यात शंका नाही.

पुढे वाऱ्याची खिंड लागली. दुकान त्यांच्या आधीच तिथं येऊन बसलं होतं. त्या वाऱ्यानं माणसाचं हाड गोठतं, हे राजकन्येनं ऐकलं होतं. इथं हात आखडून चालणार नाही, हे तिला कळलं. पण एका घोंगडीत दोघी मावतात, हेही कळलं. तिनं जांभळा रंग दिला आणि एक उत्तम घोंगडी घेतली. मान वर करून पाहिलं तर डोंगरावरचा जांभळा मोहोर तिला राखेचा दिसत होता. तिला फारसं वाईट वाटलं नाही. दोघी एकमेकींना बिलगून खिंडीपार झाल्या, आणि राजकन्या मनात म्हणाली, कुठं खर्चायचं आणि कुठं राखायचं, हे मला चांगलंच उमगलंय. माणूस फसतं ते अशा वेळी.

तिसरी पाताळविहीर, आणि दुकान तिथंही हजर. तिथं दोर हवेत, आणि दोन हवेत. कारण तिथला दोर ज्याच्या कमरेला बांधला त्यालाच खाली नेई आणि त्यालाच वर आणी. दुसऱ्याला तो हातही लावू देत नसे.

साळुंकी म्हणाली, "हा उत्तम दोर. याला जीव टांगावा. हा साधा दोर. उतरताना धरील. चढतानाचं मी काही सांगत नाही."

"दोन उत्तम द्या," राजकन्या म्हणाली.

"एकाला हिरवा," जोगीण म्हणाली. "दुसऱ्याला लाल."

राजकन्येनं हिरवा देऊन टाकला. रान करडं झालं, तिच्या चोळीचा काठही. मग लाल द्यायची वेळ आली आणि तिचा हात थांबला. लाल म्हणजे पळस. लाल म्हणजे मेंदी, कुंकू, उद्याचा लग्नाचा शालू. लाल गेला तर उरलं काय? तिच्या मनात हिशोब सुरू झाला, आणि हिशोब एकदा सुरू झाला की त्याला पुरावे आपोआप मिळतात. साध्या वहाणांनी काय बिघडलं होतं? शेवंती तर अंगानं चिमणी. एकदा उतरायचं, एकदा चढायचं, त्याला एवढी किंमत कशाला?

"एकच उत्तम द्या," ती म्हणाली. "दुसरा साधा चालेल." आणि तिनं एक केस उपटला.

"बापाची लेक," जोगीण म्हणाली, आणि तिनं दोर बांधून दिले.

विहिरीच्या काठाशी शेवंतीनं दोर कमरेला गुंडाळला. "ताईसाहेब, माझाही तुमच्यासारखाच ना?"

"एकाच दुकानातला आहे," राजकन्या म्हणाली.

तेवढ्यानं शेवंतीचं समाधान झालं. जिच्यासोबत एका छातीशी वाढलो तिचा शब्द कुणी ताणून बघत नाही.

दोघी तळाशी पोचल्या. डबी तिथंच होती. दोघींनी हात लावला, डबी उघडली, आणि कारागिरांचं इमान बाहेर पडून आपापल्या हातांकडे निघून गेलं. त्या क्षणी राज्यात निसटू पाहणारी पाळण्याची कडी घट्ट बसली, फुटू लागलेली नाव सांधली गेली. शाप संपला. पण शेवंतीचा दोर त्या राज्यात वळलेला नव्हता. त्याला शाप लागलेलाच नव्हता. तो नुसता स्वस्त होता.

दोघी शेजारीशेजारी वर येत होत्या. "आईला मीच आधी सांगणार हं," शेवंती म्हणत होती, आणि काठ हाताशी आला असताना तिच्या डोक्यावर दोराचा एक पेड उलगडला. राजकन्येनं हात पुढे केला. बोटं बोटांना लागली आणि सुटली.

राजकन्येनं काठावरून वाकून पाहिलं. लाल रंग तिनं राखला होता. तो तिला स्पष्ट दिसला.

ती धावत दुकानाशी गेली. "लाल घ्या! सगळे रंग घ्या, डोळे घ्या, पण तिला वर आणा!"

"दोर विकत होते तेव्हा विकला असता," जोगीण म्हणाली. "आता त्या मोलाची वस्तू माझ्याकडे नाही." आणि तिनं दुकान आवरलं.

राज्यात गुढ्या उभारल्या. हत्तीवरून साखर वाटली, म्हणजे प्रधानानं वाटली. महाराजांनी तीही चिमूट चिमूट मोजून वाटायला लावली. राजानं लेकीकडून सगळी हकिकत ऐकून घेतली आणि मांडीवर थाप मारली. "दोन रंग आणि तीन केसांत राज्य सोडवून आणलंस! बाळ, शाबास!"

आयुष्यात पहिल्यांदा राजकन्येला बापाची किळस वाटली, आणि लगोलग स्वतःचीही, कारण दोन्ही एकच होतं.

राही दाईकडे राजवाड्यातून लुगडं गेलं होतं. काठ जरीचा, सूत भरड. ते घडी न मोडता कोपऱ्यात पडलं होतं. राजकन्या पायी गेली आणि दारातच बसली. तिनं काही लपवलं नाही. दोन्ही दोरांचं सांगितलं, साळुंकी काय म्हणाली ते सांगितलं, काठावर शेवंतीनं काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, तेही सांगितलं.

राहीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताईसाहेब, स्वस्त घेतलंत याचा राग नाही. उभा जन्म आम्ही स्वस्तातलंच घेतलं. पण ते आपल्या अंगासाठी. लेकराच्या कमरेला बांधायचं असेल तर आम्ही दोन दिवस चूल पेटवत नाही, पण चांगलं घेतो."

"राहीआई," राजकन्या रडत म्हणाली, "ती माझी बहीण होती."

राहीनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"दोर घेतानाही होती का?" तिनं विचारलं.

त्या दिवसापासून त्या राज्यात एकही दोर तुटला नाही.