नव्या पानांची कव्हरं

"पण दिसलंच तर काय करायचं, बाबा? डोळे मिटून खेळायचं?"

मोतीगीरबाबा चिमट्यानं धुनीतली राख सारखी करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"काय दिसलं?"

"पान. माझंच पान. पालथं असताना."

"मग बघितलंस का नाही?"

"… बघितलं."

"मग झालं की. आता मला कशाला विचारतीस?"



सकाळचं कोवळं ऊन मठाच्या पायऱ्यांवर आलं होतं. खाली नदीचं पाणी संथ होतं, आणि पायरीवर बसलेली ही पोरगी मात्र तापल्या तव्यावर बसल्यासारखी. घडीत मोबाइल बघायची, घडीत पाठीवरची पिशवी पुढं ओढून तिची चेन लावलीय का ते बघायची. चेन लावलेलीच असायची.

केतकी जगताप म्हणजे सांगलीच्या पत्तेवाल्या पोरांत मोठं नाव. हे पत्ते आपले बदाम-इस्पिकाचे नव्हेत बरं. ‘यक्षयुद्ध’ म्हणून खेळ आहे. एकेका पानावर एकेक यक्ष, नाग, राक्षस, आणि ज्याची त्याची ताकद निराळी. दुकानातून बंद पुड्या घ्यायच्या, त्यातून जी निघतील ती पानं जमवायची, आपली आपली गड्डी बांधायची आणि समोरच्याच्या गड्डीशी लढायचं. चांगली शिकली-सवरलेली, नोकरीधंद्याची माणसंसुद्धा त्यात बुडालेली असतात.

ह्याच महिन्यात त्या खेळाची नवी पानं निघाली होती. पाताळातली. त्यातला कालनाग केतकीला सापडला. दुकानात सगळ्यांदेखत ती म्हणाली होती, "आता माझ्यापुढं कोण टिकतंय तेच बघते."

टिकलं कुणीच नाही. एका मंगल कार्यालयात स्पर्धा भरली होती, आदल्या दिवशीच्या लग्नाचं तोरण अजून दारावर सुकत होतं. काल दिवसभर ती एकामागून एक डाव मारत गेली आणि शेवटच्या आठ जणांत आली. आज दहा वाजता पुढचे डाव होते.

आणि पोरगी सकाळी उठून इथं आली होती. म्हणजे गावाबाहेरच्या ह्या गोसाव्याच्या मठात.

तिला पत्ते शिकवले ते बाबांनीच. ती एवढीशी होती तेव्हा ह्याच कट्ट्यावर गावातली माणसं मेंढीकोट खेळायची आणि ही बाबांच्या मांडीला मांडी लावून बसायची. हातातलं प्रत्येक पान आधी बाबांना दाखवायची. "हे टाकू?" बाबा म्हणाले टाक, की टाकायची. माणसं हसायची. पुढं कॉलेज कुठलं घेऊ, नोकरी धरू का सोडू, तेही असंच. विचारायची, बाबा सांगायचे, आणि ही तसं करायची.

"बाबा, तुम्हाला नीट कळलं नाही," ती म्हणाली. "ऐका ना. पान झिजू नये म्हणून आम्ही त्याला प्लास्टिकचं पातळ कव्हर घालतो. मी नव्या पानांना नवी कव्हरं घातली. कोरी. जुनी पानं जुन्याच कव्हरांत राहिली. रंग एक, कंपनी एक. मला वाटलं, काय फरक पडतोय?"

"पडला?"

"जुनी कव्हरं हातानं घासून घासून मंद झालेली. आणि नवी… ट्यूबलाइटखाली लकाकतात. गड्डीत वरचं पान नवं असलं की ओढायच्या आधीच कळतं. पुढं काय येणार ते कळलं, की हातातलं आत्ता उधळायचं का राखायचं तेही कळतं."

"मग तर बरं झालं."

"बरं काय, बाबा! सगळ्या पानांची पाठ सारखी दिसायला पाहिजे, असा नियम आहे. खेळताना फरक लक्षात आला तर आपण होऊन हात वर करायचा, पंचांना बोलवायचं."

"केलास वर?"

"दुसऱ्या डावात लक्षात आलं. म्हटलं, हा डाव संपू दे, मग सांगू."

"हं."

"मग म्हटलं, पुढचा संपू दे…"

बाबांनी एक शेणी उचलली, मधोमध मोडली, अर्धी धुनीवर ठेवली. उरलेली अर्धी कुठं ठेवावी ह्याचा त्यांनी बराच वेळ विचार केला. केतकीनं परत मोबाइल बघितला.

"दाखव बघू ती गड्डी," ते म्हणाले.

तिनं पिशवीतून डबी काढली. पानं त्यांच्यापुढच्या पोत्यावर पालथी पसरली. बाबा खाली वाकले. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यात पिकत आलेला. एक पान उचलून त्यांनी उन्हात धरलं, मग दुसरं धरलं.

"मला तर सगळी सारखीच दिसतात."

केतकीचा चेहरा उजळला. "बघा! कुणालाच कळत नाही. समोरचे सगळे माझ्या गड्डीकडे बघत होते, तरी एकानंही ओळखलं नाही. पंच तर दोनदा टेबलाजवळून गेले."

"मग तुला कशी कळतात?"

"मला… मला ठाऊक आहे म्हणून."

बाबांनी पान खाली ठेवलं.

"आता तुझ्या मनात काय आहे?"

ती पुढं सरकली. हे ते कधी विचारतात, ह्याचीच ती वाट बघत होती. पिशवीच्या आतल्या कप्प्यातून तिनं कव्हरांची एक बंद पुडी काढली.

"ही नवी कव्हरं आणलीत. सगळ्या गड्डीला पुरतील. आता इथंच बदलून टाकते. म्हणजे आजपासून सगळं स्वच्छ. काल झालं ते झालं, आज काही चोरीमारी नाही. चालेल ना, बाबा?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले.

तिनं मान खाली घातली. पोत्याचा एक निघालेला दोरा बोटाला गुंडाळायला लागली.

"सांगितलं तर बाहेर काढतील मला," ती हळू आवाजात म्हणाली. "सगळ्यांदेखत. मी ज्या पोरांना शिकवलं ना, ती पोरंसुद्धा आज बघायला येणार आहेत. काय म्हणतील? ताई लबाड निघाली…"

"मग नको सांगूस."

तिनं चटकन वर पाहिलं.

"काय?"

"नको सांगूस म्हटलं. घाल नवी कव्हरं आणि जा खेळायला. कोण बघतंय?"

"खरंच, बाबा?"

"मी तुला कधी खोटं सांगितलंय का? आण इकडं. मीही घालू लागतो, म्हणजे लवकर होईल."

आता बघा, पोरीच्या छातीवरचं ओझं उतरायला पाहिजे होतं. हेच ऐकायला ती आली होती. पण तिचे हात काही चालेनात. बाबांनीच पुडी फोडली.

लवकर कसलं होतंय! म्हाताऱ्याची बोटं थरथरणारी. जुनं कव्हर काढायचं, पान धोतराला पुसायचं, नव्या कव्हराचं तोंड शोधायचं. ते सापडलं की पान तिरपं जायचं. मग बाहेर काढून पुन्हा.

"हा कोण गं?"

"तो दलदलीतला बेडूकयक्ष. समोरच्याचा वार गिळून टाकतो."

"आणि ढेकर?"

"ढेकर नाही देत, बाबा."

"मग तब्येत बिघडणार बघ त्याची."

केतकीला हसू आलं नाही. खाली बाजारच्या बाजूला एसटीचा हॉर्न वाजला. तिनं मोबाइल बघितला, उपडा ठेवला आणि लगेच परत सुलटा केला.

"बाबा, द्या माझ्याकडे. मी भरभर करते."

"बस की जरा. होतंय. आणि ही बाई कोण?"

"विषकन्या."

"बरी दिसती की… हं, गेली आत. पुढचं दे."

असं करत करत कालनाग आला. काळाभोर, फणा काढलेला, डोळ्यांच्या जागी सोनेरी ठिपके. बाबांनी तो हातात धरला आणि धरूनच ठेवला.

"हा देखणा आहे. ह्यानं काय केलं काल?"

"ह्याच्यावरच तर शेवटचा डाव जिंकले."

"कुणाशी?"

"होता एक मुलगा."

"कसला होता दिसायला?"

केतकीनं आठवून बघितलं. आठवेना. काल दिवसभर ती ज्यांच्याशी खेळली त्यांतल्या एकाचंही तोंड तिला आठवेना. नजर सगळा वेळ आपल्याच गड्डीच्या वरच्या पानावर. मग एकदम एक हात आठवला. डाव संपल्यावर पुढं आलेला.

"उस्मान," ती म्हणाली. "उस्मान मोमीन. इचलकरंजीचा."

"हं."

"एका वाराचं अंतर होतं, बाबा. पुढच्या पाळीला तो मला संपवणार होता. मी जपून खेळले असते तर हरलेच असते. पण वरचं पान लकाकलं… मग मी हातातलं सगळं उधळलं. आणि नाग आला."

"मग तो काय म्हणाला?"

"हसला. हात पुढं केला. म्हणाला, ताई, पान अगदी वेळेवर आलं तुमचं…"

तिनं नागावरची नजर काढून नदीकडे वळवली.

"नंतर दाराशी आठ जणांची नावं लावली," ती म्हणाली. "तो तिथं पिशवी घेऊन उभा होता. वरून खाली वाचत होता. त्याचा नंबर नववा."

बाबांनी मान हलवली. कालनाग नव्या कव्हराच्या तोंडाशी धरला, हळूहळू आत सरकवला, वरची कडा अंगठ्यानं नीट बसवली.

"झालं. पुढचं दे."

केतकीनं दिलं नाही.

"दे की. उशीर होतोय तुला."

तिनं उरलेली पानं आपल्याकडे ओढली.

"थोडीच राहिलीत आता."

तिनं पुढं होऊन बाबांची दोन्ही मनगटं धरली.

"नको, बाबा."

"का गं? बरं चाललंय की."

"नको म्हणते ना!"

ती उठली. चप्पल घालायचंही भान राहिलं नाही, तशीच पायऱ्या उतरून नदीच्या बाजूला गेली आणि फोन लावला. मुख्य पंच आडसूळ सर कोल्हापूरचे, रात्री मंगल कार्यालयातच मुक्कामाला होते. त्यांचा आवाज मोठा, पायऱ्यांपर्यंत ऐकू येत होता.

"सर, मी केतकी जगताप. काल माझ्या गड्डीत नव्या पानांची कव्हरं ओळखू येत होती."

"तक्रार केली का कुणी?"

"नाही."

"मग आज बदला. मी येऊन तपासतो."

"तसं नाही, सर. मला कालच दिसत होतं. दुसऱ्या डावापासून. दिसत होतं आणि मी खेळत राहिले."

पलीकडे कुणीतरी भांडी घासत असावं. तेवढाच आवाज येत राहिला.

"काय बोलताय ते कळतंय ना, केतकी? बाहेर जाल तुम्ही. आणि हे सगळ्यांना सांगावं लागेल मला."

"सांगा. पण सर, आधी उस्मान मोमीनला फोन करा. इचलकरंजीहून यायचंय त्याला. दहाच्या आत पोचायला पाहिजे. आत्ता करा, सर, प्लीज… तो झोपला असेल तर घरच्यांना करा."

"बघतो," सर म्हणाले आणि फोन बंद झाला.

ती तिथंच पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. मोबाइल मुठीत. आता भीती गेली असेल असं तुम्हाला वाटेल, पण नाही. आता दुसरीच भीती होती. त्यानं फोन उचलला नाही तर? बॅटरी संपली असली तर? नदीवर एक बाई कपडे धुवायला आली, तिनं दोन लुगडी धुतली, पिळली, दगडावर वाळत घातली. केतकी जागची हलली नाही.

मग फोन वाजला.

"निघालाय," सर म्हणाले. "मित्राची मोटरसायकल घेऊन. काही विचारलंसुद्धा नाही त्यानं, नुसता येतो म्हणाला." थोडं थांबून ते म्हणाले, "तुम्ही आज येऊ नका. पुढच्या वर्षी या."

ती पायऱ्या चढून वर आली. डोळे पुसले, परत भरले, परत पुसले. बाबा होते तसेच बसले होते. पोत्यावर अर्धी पानं नव्या कव्हरांत, अर्धी जुन्यांत.

ती त्यांच्या पायाशी बसली.

"बाबा…"

"हं."

"चिडू नका. तुम्ही सांगू नको म्हणाला होतात. मी तुमचं ऐकलं नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं."

मोतीगीरबाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"किती वर्षं लावलीस, पोरी."