खड्ड्यात घातलेली हाक

फार वर्षांपूर्वी, लोक लोटा घेऊन कातळावर जायचं सोडून दारात संडास बांधायला लागले होते तेव्हा, शिरवणवाडीत आनशी नावाची म्हातारी राहायची. ती चिडली की फुंकणीशिवाय चूल पेटायची, असं म्हणतात. हे कमी करून सांगितलंय.

वाडीच्या वरच्या अंगाला तात्या परुळेकरांचं घर, खालच्या अंगाला सगळ्यांची विहीर, आणि मध्ये जांभा, म्हणजे छिद्राछिद्रांचा तांबडा दगड. तात्यांनी पांढराशुभ्र संडास बांधला आणि त्याच्या मागे त्या जांभ्यात खोल खड्डा पाडला. तळ नाही, गिलावा नाही, वर नुसती लादी. पाहुणा आला की चहाच्या आधी ते लादी दाखवायचे.

"आमचो खड्डो भरणाच नाय," ते म्हणायचे.

लोकांना हेवा वाटायचा. सोनू मेस्त्रीची टाकी पक्क्या तळाची, मध्ये आडभिंत घातलेली. तिच्यात गाळ साचायचा आणि तो अधूनमधून उपसावा लागायचा. गुणा राऊळाचे दोन खड्डे लांब, मळ्याच्या मातीत. एक भरला की बंद करायचा, त्याचं खत होईपर्यंत दुसरा वापरायचा. ही सगळी कटकट. तात्यांना मात्र कसलीच कटकट नाही.

त्या वर्षी वाडीत हगवण आली. दोन तान्ही पोरं गेली. एक राधू नावाचा, आणि दुसऱ्याचं तर बारसंही व्हायचं होतं. वाडीचा राखणदार देवचार कोपला म्हणून लोकांनी देवळात गाऱ्हाणं घातलं, कोंबडा दिला. मग आनशीची नात शेवंता अंथरुणाला खिळली. पोरीचे सुकलेले ओठ बघून आनशी उठली ती थेट तात्यांच्या अंगणात.

"तात्यांनु, खड्डो भरणा नाय, मगे जाता खंय?"

"जमीन पिता," तात्या म्हणाले.

"जमीन पिता. आनी आमी काय पितंव?"

"म्हातारे, घराक जा," म्हणून तात्या हसले. त्या हसण्यानं आनशीच्या डोक्यावरचा पदर करपला, असं म्हणतात.

ती आधी सोनूकडे गेली. टाकीचं झाकण काढून आत ओरडली. हाक पक्क्या तळावर आपटली आणि तिच्याच कानात परत आली. मग गुणाच्या खड्ड्यात ओरडली. मातीनं ती हाक सावकाश चावली आणि पोटात ठेवून घेतली. मग ती तात्यांच्या खड्ड्याशी आली. चार गड्यांना न हलणारी लादी तिनं एका हातानं सारली आणि पोटावर आडवी होऊन हाक घातली, "बाळा..."

ज्याला नावच नव्हतं त्याला आणखी काय म्हणणार.

हाक परत आली नाही, मुरलीही नाही. जांभ्याच्या एकेका छिद्रातून उतरत खाली गेली. विहिरीवर बायकांच्या हातातले दोर थांबले. पाण्यातून आनशीचा आवाज आला, "बाळा..." मग राधूचं नाव आलं. मग तात्यांच्या वाडवडलांची नावं, आणि प्रत्येकाच्या पुढे जे काही आलं ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

विहीर तिथेच गप्प बसली असती तर तात्या वाचले असते. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी संडासाची कडी लावली आणि खाली विहिरीनं खणखणीत आवाजात वर्दी दिली, "तात्या बसले." बायका आधी हसल्या. मग त्यांनी कळशीतल्या पाण्याकडे बघितलं. सगळ्या कळश्या तिथल्या तिथे पालथ्या झाल्या. तात्यांनी वेळा बदलून पाहिल्या. विहीर एकदाही चुकली नाही.

शेवटी त्यांनी खड्डा बुजवला आणि सोनूकडून तळाची टाकी बांधून घेतली. तिचं पाणी विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला मातीत सोडलं. विहीर उपसून धुतली. तोवर आनशीनं लांबच्या झऱ्याचं पाणी उकळून चमच्या-चमच्यानं पाजून शेवंताला मरणाच्या दारातून ओढून आणलं. तात्या नारळ घेऊन माफी मागायला आले. आनशीनं नारळ ठेवून घेतला आणि माफी परत दिली.

"ती त्या दोन पोरांकडे माग," ती म्हणाली.

आजही शिरवणवाडीत कुणी खड्डा खणला की गिलाव्याआधी घरातली सगळ्यात थोरली बाई त्यात वाकून आनशीसारखीच हाक घालते, "बाळा..." दुसरी बाई रिकामी कळशी कमरेवर घेऊन विहिरीशी कान देऊन उभी राहते. ती मान हलवून "गप्प आसा" म्हणेपर्यंत गवंडी थापीला हात लावत नाही.