वाघाच्या शेपटाची गाठ

एक गाव होतं, भोगावतीच्या काठाला. त्या गावात केरबाअण्णा बहुरूपी राहायचे. आणि दोन घरं सोडून पलटणीतून पेन्शनीवर आलेला हिंदुराव, त्याची बायको हौसा आणि त्यांची चार वर्षांची अनसू.

"मग मी वाघ होणार तरी कधी?" हिंदुराव म्हणाला.

अण्णा कागदाच्या मुखवट्याला चिंचोक्याची खळ फासत होते. वाघाचं तोंड दर वर्षी नवं करावं लागायचं.

"आज तिसरी तालीम, अण्णा. तुम्ही नुसतं बसवून ठेवलंय मला."

"बसलायस कुठं? उभाच आहेस की."

हिंदुराव बसला.

दर पौषात गावची मंडळी समाजमंदिरात पोरांसाठी एकच गोष्ट करायची. वाघ म्हातारीला खायला येतो. म्हातारी गोधडी शिवत असते. म्हणते, "थांब रे, एक टाका राहिलाय." वाघ थांबतो. पुन्हा येतो, पुन्हा एक टाका राहिलेला. असं करता करता वाघ थंडीनं कुडकुडायला लागतो, आणि मग कळतं की गोधडी वाघासाठीच चालली होती. ते "एक टाका राहिलाय" सगळी पोरं एका सुरात ओरडायची. गोष्ट पाठ असूनसुद्धा यायची.

चाळीस वर्षं वाघ अण्णांनीच केला. यंदा गुडघे गेले. ते म्हणाले, मी म्हातारी होतो, बसून शिवीन.

म्हणून हिंदुराव पुढं झाला होता.

"आसामात खरा वाघ बघितलाय मी," तो म्हणाला. "दहा हातांवर."

"काय करत होता?"

"पाणी पीत होता."

"आणि तू काय करत होतास?"

हिंदुराव खाकरला.

"बरं, डरकाळी फोड."

हिंदुरावानं फोडली. पत्र्यावरचं मांजर खाली पडलं आणि जे पळालं ते दोन दिवस दिसलं नाही.

"झकास," अण्णा म्हणाले. "आता थंडी वाजू दे."

"मला? तीन हिवाळे बर्फात उभा होतो, अण्णा. मला थंडी वाजत नाही."

"मग मी टाके कुणासाठी घालू?"

हिंदुरावानं मिशीवरून हात फिरवला. त्याला ते पटलं नाही. दुसरी गोष्ट तर त्याहून पटली नाही. तिथली रीत अशी, की गोष्ट सुरू व्हायच्या आधी वाघानं उघड्या चेहऱ्यानं पोरांपुढं यायचं, गुडघे टेकायचे, आणि एका पोरानं त्याला शेपूट बांधायचं. मगच मुखवटा.

"आत हिंदुराव आहे हे आधीच दिसलं, तर भ्यायचं कुणी?"

"कुणी भ्यावं म्हणतोस?"

"सगळ्या गावानं. अनसूनं बघावं एकदा, की आपल्या बापाला सगळं गाव भितंय."

"ती तर घरात भितीयच की."

हिंदुरावाची मान खाली गेली. तो पलटणीवर परत गेला तेव्हा अनसू रांगत होती. पुढं रजा मिळाली तेव्हा ती गोवरानं फणफणलेली, तिनं डोळेच उघडले नाहीत. आता दोन महिने तो घरात होता, आणि तो जेवायला बसला की पोर चुलीमागं जाऊन उभी राहायची.

"काल आईला विचारत होती," तो हळू म्हणाला. "हा मिशीवाला परत कधी जाणार म्हणून."

अण्णांनी मुखवट्याला खळीचा आणखी एक हात दिला.

नाटकाचा दिवस उजाडला. ऊन कलतीला आलं, वारा बोचरा सुटला. पडदा म्हणून हौसाचंच लुगडं बांधलेलं. अण्णा नऊवारी नेसून, कपाळाला आडवं कुंकू लावून ओट्यावर गोधडी घेऊन बसले. इतकी छान म्हातारी, की पाटलाच्या आईनं विचारलं, "कुठल्या गावची गं बाई तू?"

पोरं शेपटाची वाट बघत होती. कोण बांधणार, यावरून मारामाऱ्या चालल्या होत्या.

आणि मागच्या दारानं वाघ आला. मुखवटा चढवलेला. शेपूट स्वतःच बांधलेलं.

त्यानं अशी डरकाळी फोडली की पत्रे थरथरले.

पोरं गपगार. अनसूनं किंकाळी फोडली आणि हौसाच्या पदरात तोंड खुपसलं. "घरी चल... घरी चल..."

वाघ म्हातारीपुढं आला.

"थांब रे," म्हातारी म्हणाली. आणि पोरांकडं बघत राहिली.

एकानंसुद्धा पुढचं म्हटलं नाही.

मुखवट्याच्या भोकांतून हिंदुरावानं बघितलं. हौसा पोरीला कडेवर घेऊन उठली होती. दारापर्यंत गेली होती.

म्हातारीनं पिशवीतून कात्री काढली. वाघाची पाठ आपल्याकडं वळवली.

कचकन शेपूट कापलं.

"अगं म्हातारे!" मागून कुणीतरी ओरडलं. "वाघ होता की बोकड?"

सगळं समाजमंदिर हसलं. हिंदुरावानं मुखवटा कपाळावर सरकवला. खाली चेहरा लालबुंद.

"अण्णा, हे काय केलंत?"

"म्हातारी म्हण."

"...म्हातारे, हे काय केलंस?"

"खाली बस."

एवढ्या गावासमोर हिंदुराव गुडघ्यावर बसला. अंगात नुसतं पिवळं बनियन, त्यावर काजळाचे पट्टे. दारातून वारा आला. त्याच्या दंडावर काटा उभा राहिला. तो आवरू बघत होता, पण आवरेना. दात वाजायला लागले.

पोरांचे हात वर झाले. "मी बांधतो! मी, मी!"

अण्णांनी शेपूट कुणालाच दिलं नाही. ओट्याच्या कडेवर ठेवून दिलं आणि सुईत दोरा ओवत बसले.

दारात हौसा थांबली होती. तिच्या खांद्यावरून अनसूनं एक डोळा उघडला. मग दुसरा.

"आई... त्याला थंडी वाजतीय."

हौसानं तिला खाली सोडलं.

पोर पोरांमधून वाट काढत आली. शेपूट उचललं. हिंदुराव हलला नाही.  तिनं शेपूट लावून बघितलं, तर दोरी तोकडी पडली. अर्धी कात्रीनंच गेली होती. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि आपल्या वेणीची लाल फीत ओढून काढली. तिला एकच गाठ येत होती. ती तिनं पाच वेळा मारली.

मग पुढं आली, त्याचं तोंड नीट बघितलं, मिशीला बोट लावलं, आणि मुखवटा स्वतःच्या हातानं खाली ओढला.

"आता हो वाघ."

मग गोष्ट सुरू झाली. वाघ आला, म्हातारी म्हणाली "थांब रे", आणि सगळ्या पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं, "एक टाका राहिलाय!" वाघ इतका कुडकुडला की बाया चुकचुकल्या. शेवटी म्हातारीनं त्याच्यावर गोधडी घातली. वाघ लांब, गोधडी आखूड, पाय उघडेच राहिले. अनसू कुणी न सांगता उठली आणि त्याच्या पायांवर आपलं स्वेटर टाकून आली.

टाळ्या झाल्या. माणसं पांगली. हौसा पडद्याचं लुगडं सोडून घेऊन घरी गेली.

अण्णा ओट्यावर तसेच बसून होते, कुंकू अजून कपाळावर. हिंदुराव समोर उभा राहिला. मुखवटा काखेत.

"अण्णा, मी वाघ कसा काय झालो?"

अण्णा गोधडीची घडी घालत होते.

"मी चिडलो होतो तुमच्यावर. मग थंडी वाजली, तर लाजसुद्धा वाटली. वाघ झालो ते कुठल्या घडीला, ते कळलंच नाही."

अण्णांनी सुई-दोरा पिशवीत टाकला.

दारात पावलं वाजली. अनसू. मोकळे केस तोंडावर आलेले. हिंदुरावाकडं बघून म्हणाली,

"आबा, चल की! आईनं भाकरी टाकलीय. मला तुझ्या ताटात जेवायचंय."

 हिंदुरावानं तोंड फिरवलं आणि कमरेची गाठ चाचपत राहिला. ओढली, नखांनी उकरली. पाच गाठी, सुटेनात.

"आलो, बाळा... अण्णा, तेवढी कात्री द्या."

अण्णांनी कात्री मांडीखाली सरकवली.

"कात्री कुठं पडली कुणास ठाऊक. जा, तसाच जेवायला बस."