भरलेला काटा कोणाचा?

सागाच्या एका रानात, ओढ्याकाठच्या बिळात एक साळिंदर राहत असे आणि त्याच्या शेजारी, एका जुन्या वारुळात, एक मुंगूस. मुलांनो, साळिंदराच्या शेपटीतले काटे आतून पोकळ असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? साळिंदर चालू लागले की ते खुळखुळ वाजतात. मुंगसाला झाडपाल्याची चांगली जाण होती. गोचीड चावल्यामुळे येणाऱ्या तापावर एका कडू मुळाचा रस हमखास लागू पडे. पण रस इतका कडू, की आजारी प्राणी तो गिळण्याआधीच थुंकून टाकत.

एके दिवशी साळिंदर म्हणाले, "रस पाजतोस कशाला? माझे गळलेले काटे आहेत. त्यांत रस भरू आणि मागून मेणाचं बूच लावू. काटा टोचायचा, बूच आत दाबायचं, की रस सरळ कातडीखाली!"

मुंगसाने आनंदाने उडीच मारली. उन्हाळ्यात गोचीड फार होत. त्याआधी पुष्कळ काटे भरून ठेवले, तर साऱ्या रानाची सोय होणार होती. दोघे म्हाताऱ्या गव्याकडे गेले, कारण त्याच्या होकाराशिवाय रानात कोणतेही नवे औषध कोणी घेत नसे. गव्याने रस चाटून पाहिला, काटा स्वतःच्या खांद्याला टोचून पाहिला.

"रस चांगला आहे, काटाही चांगला आहे," तो म्हणाला. "पण भरून ठेवलेला काटा पुढे कसा राहतो, ते पाहिलंत का?"

"दोन्ही चांगलेच आहेत, दादा," मुंगूस म्हणाले. "एकत्र आले म्हणून काय बिघडणार?"

"ते मला माहीत नाही, म्हणून तर विचारतो. ताजे भरलेले काटे खुशाल वापरा. साठवलेले मात्र आधी तपासा, मग वाटा."

दोघांनी माना डोलावल्या. पण तपासायचे कोणी? मुंगसाला वाटले, काटा साळिंदराचा, ते बघेल. साळिंदराला वाटले, रस मुंगसाचा, ते बघेल.

ताजे काटे उत्तम चालले. तापाने फणफणलेली सांबराची पिल्ले दुसऱ्या दिवशी हिंडू लागली. जो तो म्हणू लागला, "मुंगसाचं औषध म्हणजे औषध!" सातभाई पक्ष्यांनी तर तेवढेच वाक्य झाडाझाडांवर नेऊन पोचवले. साळिंदर बिळाच्या तोंडाशी बसून ऐकत राही. 'मुंगसाचं! काटे काय आभाळातून पडले?' असे त्याच्या मनात येई, आणि खाल्लेला कंद त्याला गोड लागेनासा होई.

तिकडे मुंगूसही सुखी नव्हते. प्राणी काटा टोचून घ्यायला साळिंदराच्या दारी येत. त्याच्यापुढे मान झुकवत, त्याच्यासाठी कंदमुळे ठेवून जात. 'मुळं शोधत उन्हात मी फिरायचं आणि मान याला!' असे म्हणून मुंगूस दातओठ खाई. रस घट्ट होऊ नये म्हणून त्याने त्यात एक आंबट फळ पिळायला सुरुवात केली होती. ते त्याने साळिंदराला सांगितले नाही. उद्या साळिंदराने स्वतःच रस काढायला घेतला तर?

उन्हाळा जवळ आला. साळिंदराच्या बिळात रसाने भरलेल्या काट्यांची रास उभी राहिली. एकदा साळिंदराने त्यातला एक जुना काटा उघडला, तर आतला रस काळा पडलेला आणि काट्याचे अस्तर सुटून त्यात मिसळलेले. ते घाबरले. मुंगसाला सांगायला ते निघालेही. तेवढ्यात वरून सातभाईंचा कलकलाट ऐकू आला, "मुंगसाचं औषध! मुंगसाचं औषध!"

साळिंदराचे पाय थांबले. 'औषध त्याचं ना? मग बिघडलं तर नावही त्याचंच खराब होऊ दे,' असे पुटपुटून ते माघारी फिरले आणि तो काटा त्याने मातीत पुरला. बाकीच्या राशीला त्याने हात लावला नाही.

पुढे तापाची साथ आली. साळिंदर चरायला गेले असताना एक चितळीण पाडसाला घेऊन धावत आली. मुंगसाने घाईघाईने राशीतला एक काटा उचलला आणि पाडसाला टोचला. सूर्य कलायच्या आत पाडसाचा पाय टम्म सुजला. ते आडवे पडले. ना दूध पिई, ना डोळे उघडी.

सारे रान जमले. साळिंदरही धावत आले. मुंगूस किंचाळले, "माझा रस उत्तम आहे! याचा काटाच कुजका!"

"माझा काटा उत्तम आहे!" साळिंदर ओरडले. "यानंच रसात काहीतरी कालवलं असेल!"

चितळीण पाडसाला चाटत होती. तिने मान वर केली. "भांडा तुम्ही," ती म्हणाली. "पण माझ्या बाळाला रसानं आजारी केलं की काट्यानं, हे मी का शोधत बसू? त्याला टोचलं ते एकच होतं."

गव्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "भांडण मला ऐकायचं नाही. पाडस जगायला हवं असेल, तर ज्याला जे माहीत आहे ते आत्ता सांगा."

साळिंदराने काळ्या पडलेल्या रसाबद्दल सांगितले. मुंगसाने आंबट फळाबद्दल सांगितले. मग उलगडा झाला. आंबट रस काट्याचे अस्तर खात होता आणि सुटलेले अस्तर रस नासवत होते. काय भिनले आहे ते कळताच मुंगसाने त्यावरचा पाला शोधून आणला, साळिंदराने तो चावून लेप केला. रात्रभर दोघे पाडसाजवळून हलले नाहीत. पहाटे त्याने डोळे उघडले. ते जगले, पण त्याचा तो पाय कायमचा अधू झाला. चितळीण त्याला घेऊन ओढ्यापलीकडे निघून गेली आणि पुन्हा कधी त्या बाजूला फिरकली नाही.

गव्याने सारी रास खुरांखाली तुडवली. दोघांनी पहिल्यापासून सुरुवात केली. आंबट फळ सोडले, रस निराळा, वाळलेल्या दुधी भोपळ्याच्या पोकळ कवचात ठेवला आणि गरजेपुरताच काटा भरायचे ठरवले. प्रत्येक भरलेला काटा दोघांनी मिळून पाहायचा, असेही ठरले. तरी कितीतरी दिवस त्यांच्या दारी कोणी आले नाही. ताप सोसत प्राणी लांबूनच जात. शेवटी एक थकलेले भेकर आले, बरे झाले, मग आणखी काही जण आले.

एकदा एक सातभाई पुन्हा म्हणाला, "मुंगसाचं औषध म्हणजे औषध!"

साळिंदराचे काटे खुळखुळले. ते मुंगसाला म्हणाले, "खरं सांगू? असं ऐकलं की अजून माझ्या पोटात दुखतं."

"सांगितलंस ते बरं केलंस," मुंगूस म्हणाले. "तुझ्या दारातली कंदमुळं बघून माझ्याही दुखतं. चल, आजचे काटे तपासायचे राहिलेत."

तात्पर्य : दोन चांगल्या गोष्टी जोडल्या की तिसरी नवी गोष्ट तयार होते, तिची जबाबदारी दोघांची असते, आणि जोडीदाराच्या हेव्यापोटी लपवलेला दोष तिसऱ्याच निरपराध जिवाला भोगावा लागतो.